रोज संध्याकाळी, न चुकता

हैदराबाद, १० जुलै २०००

काकू,

मी इथे नेमकं काय करते ते एकदा नीट लिहून पाठव, असं तू दर फोनला म्हणतेस. आज लिहिते, पण कारण वेगळं आहे.

डोक्याच्या मागच्या बाजूला, मानेच्या वर, माणसाला एक लहान मेंदू असतो. चालताना तोल सांभाळणं, घास न सांडता तोंडापर्यंत नेणं ही त्याची कामं. त्यात फांद्या फुटलेल्या झाडासारख्या मोठ्या पेशी असतात. वर्षानुवर्षं दारू पिणाऱ्यांच्या मेंदूत त्या किती कमी होतात, हा माझ्या पीएच.डी.चा विषय. मुंबईच्या एका हॉस्पिटलातून आम्हाला चौदा मेंदूंचे काप आले. सात पिणाऱ्यांचे, सात न पिणाऱ्यांचे. कोणता कोणाचा ते मोजणाऱ्याला सांगत नाहीत, नाहीतर डोळा आपल्याला हवं तेच मोजतो. हाती फक्त नंबर असतो. चार महिने मी मायक्रोस्कोपखाली एकेक पेशी मोजली. गेल्या आठवड्यात मोजणी संपली आणि सरांनी बंद पाकिटातली यादी उघडली.

नंबर अकरा. पुरुष, वय एक्कावन्न, फुलशेती, तालुका नाशिक, मृत्यू १४ ऑगस्ट १९९८.

काकू, ते काका आहेत. चौदांमध्ये सर्वांत कमी पेशी त्यांच्याच निघाल्या. यादीत ते पिणाऱ्यांच्या सातात आहेत.

सरांना मी काही बोलले नाही. आईला फोनवर विचारलं तर ती जेवलीस का म्हणाली. म्हणून तुलाच विचारते, रागावू नकोस. तुमच्याकडे शाळेला होते तेव्हा बाजारातली माणसं काय बोलायची ते मलाही ऐकू यायचं. काका घ्यायचे का?

तुझी
तृप्ती


मखमलाबाद, १७ जुलै २०००

तृप्ती,

तुझं पत्र तीनदा वाचलं. आशीर्वाद आहेतच, पण आज ते वर लिहायला हात वळला नाही.

पाचवीपासून बारावीपर्यंत तू या घरात राहिलीस. तुझ्या वडिलांना, यादवभाऊजींना, तुला नाशिकच्या शाळेत घालायचं होतं आणि आम्हाला मूल नव्हतं. आठ वर्षं तुझ्या ताटाशेजारी त्यांचं ताट असायचं. कधी वास आला? आणि तू मला विचारतेस, तेही बाजारातल्या माणसांचा दाखला देऊन.

अठ्ठ्याऐंशी सालच्या थंडीत शेवंतीच्या वाफ्यात त्यांचा पाय पहिल्यांदा वाकडा पडला. मग ते सायकलवरून पडले, टोपलीसकट, भर फूलबाजारात. गोटीराम आडत्या गादीवरून ओरडला, काय भिमाजीशेठ, आज सकाळीच? सगळी ओळ हसली. पहिलं वर्षभर हे प्रत्येकाला समजावत राहिले की तोल जातो, डॉक्टरला दाखवलं आहे. दुसऱ्या वर्षी लोकांबरोबर स्वतःही हसायला लागले. तिसऱ्या वर्षी त्यांनी बाजार सोडला. टोपल्या मी न्यायला लागले. एस.टी.त ते बसले की शेजारची बाई उठायची. हे तुझ्या डोळ्यांसमोर झालं आहे.

मुंबईच्या हॉस्पिटलात ते गेले तेव्हा तिथल्या डॉक्टरने मेंदू मागितला. डोकं उघडलेल्या माणसाला अग्नी देणार का, म्हणून भाऊबंद माझ्या अंगावर आले. तुझे वडील वर्षभर माझ्याशी बोलले नाहीत. तरी मी सही केली. शास्त्राची सेवा वगैरे माझ्या मनात काही नव्हतं. कुणीतरी शिकलेल्या माणसाने आत बघावं आणि लिहावं की हा माणूस आजारी होता, पिलेला नव्हता, एवढं मला हवं होतं. दोन वर्षं मी समजत होते की ते कुठेतरी लिहिलं गेलं आहे.

तुम्ही दारू लिहिलीत. बाजारात जे तोंडी होतं ते कागदावर आणलंत.

कोणी लिहिलं ते शोध. खोडून घे. मग मला पत्र लिही.

रंगूबाई भिमाजी विधाते


हैदराबाद, २ ऑगस्ट २०००

काकू,

पूर्ण नाव लिहून सही केलीस, ते समजलं.

मुंबईहून काकांच्या केसपेपरची झेरॉक्स मागवली. ते गेले त्या दिवशीच, मेंदू घेण्याआधी, एका शिकाऊ डॉक्टरने माहिती भरली आहे. इंग्रजीत आहे. जसंच्या तसं मराठीत देते. 'वीस वर्षांपासून दारू. रोज संध्याकाळी, न चुकता. घरी गाळलेली. सुमारे अर्धा कप, शेवटी शेवटी जास्त. माहिती देणारी: पत्नी.'

पत्नी म्हणजे तू. काकू, तू असं म्हणाली होतीस? दुसऱ्या कोणाचं नाव असतं तर मी आज भांडायला गेले असते. खुद्द बायकोने सांगितलेलं कसं खोडायचं?

तृप्ती


मखमलाबाद, ९ ऑगस्ट २०००

तृप्ती,

झेरॉक्सचं वाचून पहिल्यांदा वाटलं, त्या पोराने झोपेत लिहिलं. मग दोन दिवस पाणी भरताना, फुलं तोडताना तेच डोक्यात. काल आठवलं.

तो डॉक्टर मराठीच होता, विशी-बाविशीचा, हातात पॅड. मला व्हरांड्यातल्या बाकावर बसवलं होतं. हे जाऊन दोन तास झाले नव्हते. त्याने जुने आजार विचारले. मी म्हटलं, दमा होता, फुलांच्या धुळीचा, वीस वर्षांचा. त्याने लिहून घेतलं आणि मान वर न करता विचारलं, "घेत होते का?"

मी म्हटलं, "हो. रोज संध्याकाळी, न चुकता."

किती, म्हणाला. अर्धा कप, मी म्हटलं, शेवटी थोडं वाढवलं होतं. बाहेरून आणायचे का, म्हणाला. मी म्हटलं, "बाहेरून कशाला? मीच उकळून द्यायचे घरी."

तेव्हा त्याने मान वर केली आणि माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, पोरगा कनवाळू आहे, माझी कीव करतोय.

अडुळशाचा काढा, तृप्ती. परसातला अडुळसा तूच तोडून आणायचीस. माझ्या डोक्यात दमा होता आणि काढा होता. त्याच्या कागदावर पुढचा रकाना दारूचा असेल, तो मला कुठे दिसत होता? दारू पीत होते का, असं सरळ विचारायला त्याची जीभ का अडली? बाईमाणसासमोर नको, म्हणून सभ्यपणे घेत होते का म्हणाला. त्याच्या त्या सभ्यपणाला आग लागो.

आणि मला काय झालं होतं? हा शब्द मला काय नवा आहे? आमच्या गल्लीत कोण घेतो आणि कोण नाही ते मी याच शब्दात बोलते. पण ज्याच्या घरात ती वस्तू कधी आली नाही त्याच्या बायकोला ते सुचतच नाही. दहा वर्षं बाजाराशी भांडले आणि शेवटी माझ्याच तोंडाने ते लिहून घेतलं त्यांनी.

आता तुला कळलं. तुझ्या सरांना सांग आणि दुरुस्त करून घे. याला वेळ लागायचं कारण मला दिसत नाही.

रंगूबाई


हैदराबाद, ६ सप्टेंबर २०००

काकू,

उशीर झाला, माफ कर. काढ्याचं वाचून मी आधी हसले आणि मग हॉस्टेलच्या जिन्यात बसून रडले. माझा पूर्ण विश्वास आहे.

पण इथली अडचण समजून घे. अकरा नंबर काढला तर पिणारे सहाच राहतात, आणि सर्वांत ठळक आकडा त्यांचाच असल्यामुळे उरलेल्या सहांत आणि न पिणाऱ्यांत फरक आहे असं छातीठोक म्हणता येत नाही. तीन वर्षांचं काम त्या एका आकड्यावर उभं आहे. लेख छापायला गेलाय. प्रबंध डिसेंबरात द्यायचा आहे.

मी असा विचार करते की तिथे काकांचं नाव नाही. गाव नाही. लेखात तर नुसतं 'पुरुष, ५१' एवढंच आहे. ते काका आहेत हे जगात तू आणि मी सोडून कोणाला कळणार नाही. मग ते आहे तसंच राहिलं तर चालणार नाही का? काही गोष्टी दारूच्याच नावावर राहिलेल्या बऱ्या असतात, काकू. मला याहून जास्त लिहिता येत नाही.

तृप्ती


मखमलाबाद, १३ सप्टेंबर २०००

तृप्ती,

नाव न घालता खोटं लिहिलं तर ते खोटं नसतं, असं तुमच्या शास्त्रात कुठे लिहिलं आहे ते मला दाखव. मी चौथी शिकलेली बाई. बाकी सगळं वाचनालयातली पुस्तकं आणून स्वतः वाचलं. तू मेंदूवर शिकायला गेलीस म्हणून मेंदूवरचंही आणलं, अडलं तिथे डिक्शनरी घेऊन बसले. एवढ्या वाचनात मला हे वाक्य कुठे भेटलं नाही.

'आहे तसंच राहिलं तर चालणार नाही का' म्हणतेस. तुझं चालेल. डिसेंबरात डॉक्टर होशील, पेढे वाटशील. त्या पेढ्यांत माझा नवरा दारुडा म्हणून असेल आणि तो पेढा मी खायचा.

मोजणाऱ्याचा डोळा हवं तेच मोजतो, म्हणून यादी लपवतात, हे तूच लिहिलंस. मग आता कोणाचा डोळा हवं ते बघतोय?

दारूच्या नावावर राहिलेलं बरं, हे वाक्य मी तुला माफ करणार नाही. गोटीराम असंच काहीतरी म्हणाला असता. पण तो अडाणी आहे.

तुझ्याकडून होत नसेल तर मी सरांना लिहिते. पत्ता तुझ्या पाकिटावर आहेच.

रंगूबाई


मखमलाबाद, २५ सप्टेंबर २०००

माननीय सर,

हे पत्र मराठीत लिहिते. इंग्रजीत लिहिता आलं असतं, चुकतमाकत. पण एका शब्दाने माझं एकदा नुकसान झालं आहे, म्हणून मला येणाऱ्याच भाषेत लिहिते. वाचून दाखवायला तुमच्याजवळ कोणीतरी आहे.

तुमचा नंबर अकरा हा माझा नवरा, भिमाजी विधाते. त्यांनी आयुष्यात दारू घेतली नाही. फाईलमध्ये जे आहे ते माझ्या बोलण्यावरून लिहिलं आहे, पण मी दम्याच्या काढ्याबद्दल बोलत होते आणि डॉक्टर दारूबद्दल विचारत होते. दोघांनी 'घेणे' हा एकच शब्द वापरला. मराठीत तो दोन्हीला चालतो.

मी मेंदू दिला तो खरं शोधायला. तुम्हाला खरं नको असेल तर तो परत द्या. काचेच्या पट्ट्यांवर असेल तर पट्ट्या द्या. मी गोदावरीत सोडीन.

तुमच्या विद्यार्थिनीने हे मला कळवलं. तिला लहानाची मोठी मी केली आहे. तिने हे तुम्हाला सांगितलं नसेल तर ती चूक तिची आहे आणि थोडी माझी.

रंगूबाई भिमाजी विधाते


हैदराबाद, १४ ऑक्टोबर २०००

काकू,

सरांनी मला बोलावलं, तुझं पत्र हातात दिलं आणि म्हणाले, तुमच्या भाषेतलं दिसतंय, वाचून सांग. दार उघडं होतं, बाहेर दोन विद्यार्थी उभे होते. मी एकेक वाक्य वाचून इंग्रजीत सांगितलं. माझ्याबद्दलचं शेवटचं वाक्यसुद्धा गाळलं नाही.

सर रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. मग त्यांनी एवढंच विचारलं, दारू नाही तर मग एवढ्या पेशी कशाने गेल्या? या घरात आणखी कोणाला असं आहे का?

मी म्हणाले, नाही.

काकू, मी खोटं बोलले. तुला वाटतं मला डिग्रीची पडली आहे. थोडी पडली आहेच. पण मला तुला जे लिहिता येत नव्हतं ते हे.

मागच्या दिवाळीत मी सिन्नरला गेले तेव्हा पप्पा अंगणात उतरताना भिंतीला हात लावत होते. पाय लांब लांब टाकतात. चहाची बशी वाजते. कारखान्यात त्यांना लेथवरून काढून स्टोअरला बसवलंय. आई कोणाला सांगू देत नाही.

दारूशिवाय या पेशी अशा जाण्याचं एक कारण रक्तातून येतं. आजोबा चाळिशीच्या आत विहिरीच्या कामावर दगावले, म्हणून त्यांना होतं का ते कोणाला कळलंच नाही. काकांना होतं. पप्पांना आहे असं दिसतं. आणि आईबापांपैकी एकाला असेल तर मुलाला येण्याची शक्यता निम्मी. म्हणजे मला.

यादीत काकांच्या पुढे दारू वाचली तेव्हा मला आधी धक्का बसला आणि मग बरं वाटलं. खरंच बरं वाटलं. काका पीत असतील, पप्पाही चोरून पीत असतील, म्हणजे ते दोघांपाशी संपलं. तू नाही म्हणालीस आणि ते परत माझ्याकडे आलं. रोज सकाळी मी डोळे मिटून एका पायावर उभी राहते आणि आकडे मोजते. काल तीसपर्यंत झालं. परवा बावीसच.

आता सांग, काय करू?

तृप्ती


मखमलाबाद, २१ ऑक्टोबर २०००

तृप्ती, बाळा,

पत्र आलं त्याच दिवशी सिन्नरची एस.टी. धरली.

तुझी आई मला बघून दारातच रडायला लागली. म्हणाली, आक्का, तुम्ही एका नजरेत ओळखाल म्हणून वर्षभर तुम्हाला बोलावलं नाही. मी तिलाही बोलले. जेवढं बोलायचं तेवढं सगळं बोलले. मग यादवभाऊजी आतून आले, बोटं भिंतीला लावत. मी दहा वर्षं ती चाल बघितली आहे. मला कोणत्याही पट्टीवर बघायची गरज नाही.

ते म्हणाले, "वहिनी, रोज फाटकावर वॉचमनला तोंड उघडून दाखवायचं. वास घेतो तो. काय नाय सापडलं तरी मान हलवतो. लय लाज वाटते."

तृप्ती, तू कोणाचं झाकायला निघालीस ते आता बघ. उद्या यादवभाऊजींना मोठ्या डॉक्टरला दाखवलं तर तो विचारील, घरात कोणाला होतं का. भावाला, म्हणतील. भावाची फाईल मागवतील. तिच्यात दारू. मग तुझ्या बापाचं नुसतं तोंड बघून दारू लिहितील. तपासायचं कशाला, भाऊही तसलाच होता. मी व्हरांड्यात जे केलं ते न कळत केलं. तू हे कळून करशील.

मला आता त्यांच्या नावासाठी काही नको. ते गेले, त्यांचं बोलून झालं. मी यादवभाऊजींसाठी मागते.

तुझ्या भीतीबद्दल मला काही लिहिता येत नाही. पत्र वाचून मी चुलीपुढे बसले आणि भात करपला. एवढं मात्र सांगते की तुझ्यावरचा माझा एक राग गेला आणि दुसरा आला. पहिला तू डिग्रीसाठी गप्प बसलीस म्हणून होता. दुसरा, एवढं सगळं एकटीने दिवाळीपासून घेऊन फिरलीस आणि मला फोनवर हवापाणी सांगत राहिलीस, म्हणून आहे.

जा आणि सरांना खरं सांग.

काकू


हैदराबाद, १८ डिसेंबर २०००

काकू,

सांगितलं. तुझं पत्र आलं त्याच दुपारी.

सरांनी या वेळी दार लावून घेतलं. खोटं बोललीस त्याचं मला जास्त वाईट वाटलं, म्हणाले. मग दोघांनी मिळून लेख परत मागवला. पिणारे सहाच राहिले आणि आता त्यात सिद्ध काही होत नाही. प्रबंधाला किमान दीड वर्ष जास्त लागेल. माझ्यानंतर आलेला मुलगा माझ्या आधी डॉक्टर होईल. मला याचा संताप येतो, आणि तो कोणावर काढावा ते कळत नाही, म्हणून तुला लिहिते.

हॉस्पिटलने फाईल दुरुस्त केली, झेरॉक्स सोबत आहे. तू खोडून घे म्हणाली होतीस. तसं करता येत नाही. जुनं वाक्य वाचता येईल अशी एकच रेघ मारतात आणि शेजारी खरं लिहून तारीख आणि सही करतात. शेजारी लिहिलंय: 'मद्यपान कधीही नाही. वरील नोंद गैरसमजातून. माहिती देणारी: पत्नी.'

पप्पा येऊन रक्त देऊन गेले. रिपोर्ट शुक्रवारी आला. तोच आजार आहे. सरांनी कारखान्याला पत्र दिलं आहे, आईने सांगितलं की वॉचमन आता वास घेत नाही.

माझं रक्त द्यायचं की नाही ते सर म्हणाले तुझं तू ठरव, घाई नाही, कळून औषध तर नाहीच. माझं नाव लिहिलेली काचेची नळी टेबलावर आहे. रिकामी. रोज तिच्याशेजारी बसून दुसऱ्यांच्या पेशी मोजते.

तृप्ती


मखमलाबाद, २६ डिसेंबर २०००

तृप्ती,

झेरॉक्स मिळाली. एकच रेघ आणि तीही वाचता येईल अशी, हे बघून पहिल्यांदा डोकं फिरलं. मग वाटलं, राहू दे. त्या पोराने काय लिहिलं होतं तेही लोकांना दिसू दे. झेरॉक्स घेऊन फूलबाजारात गेले होते. गोटीरामच्या गादीवर ठेवली. त्याला इंग्रजी येत नाही, म्हणून ओळीतल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं मी वाचून दाखवलं. तो म्हणाला, जाऊ द्या ना वहिनी, जुनी गोष्ट. मी म्हटलं, जाऊ देत नाही. फुलं त्याला न देता परत आणली. दोन टोपल्या वाळल्या. वाळू देत.

घरी येऊन फोटोसमोर पुन्हा वाचायला बसले, पण अर्ध्यावर वाचवेना. हे सगळं ऐकायला ते असायला हवे होते, एवढंच मनात आलं. दोन वर्षांत मी रडले नव्हते असं नाही, पण भांडण चालू होतं तोवर ते मागे राहायचं.

रक्त दे किंवा देऊ नको, हे मी सांगणार नाही. ज्याच्यावर औषधच नाही ते माहीत करून घ्यायचं का, हे मला माझ्या पुस्तकांत सापडलं नाही आणि तुझ्या सरांनाही सापडलेलं दिसत नाही. पण त्या नळीशेजारी तू एकटी बसायचं नाही.

मनमाडहून हैदराबादची गाडी आहे. पाच तारखेचं तिकीट काढलं आहे. शेवंती शेजारच्या पुंजाच्या आईला तोडायला सांगितली आहे. महिनाभर राहीन, तुमच्या हॉस्टेलात जमत नसेल तर खोली बघ. राग अजून गेलेला नाही, हे आधीच सांगते. स्टेशनवर मला बघून रडायला लागलीस तर मी तिथेच बोलायला सुरुवात करीन, हमालांसमोर.

सहाला सकाळी पोचते. लवकर ये.

काकू